सात फूट पाच इंचांचं वल्हं

ती. ताईस,

कमरेने जेवढी परवानगी दिली तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला नमस्कार समक्ष पूर्ण करीन.) तुझं कार्ड मंगळवारी पोचलं. तुझा गुडघा आता जिना उतरताना वाजतो आणि चढताना वाजत नाही, हे वाचून मी बराच वेळ विचारात पडलो. माझ्या जुन्या शिलाई मशीनचं अगदी असंच झालं होतं आणि तेल घालून भागलं होतं, पण हे तुझ्या डॉक्टरांना सुचवू नकोस, रागावतील. भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, खोकला आला की वर्तमानपत्र खाली ठेवावं, निम्मा त्यातूनच येतो. आमच्याकडे सगळं ठीक. ही मजेत आहे. मला तेवढी सर्दी आहे, पाच महिने झाले, जाता जात नाही. उजवा कानही अधूनमधून बंद होतो, मग समोरचा काय बोलतो ते कळत नाही आणि मी नुसती मान हलवतो. गेल्या आठवड्यात अशीच मान हलवून एका गिऱ्हाइकाला कोटाला सहा खिसे कबूल करून बसलो. कापडाची धूळ, दुसरं काय. रोज सकाळी लवकर उठून फिरायला जातो, पण त्यानेही फरक पडलेला नाही.

आता मुद्द्याचं. कार्डावर गुडघ्याबद्दल सहा ओळी लिहून झाल्यावर खाली तू एकच ओळ लिहिलीस, "वल्हं मिळालं का, की मी गेल्यावर मिळणार आहे?" ताई, अशी भाषा बरी नव्हे. ठरलेलं मी विसरलेलो नाही. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तुझा गुडघा बदलणार, मग वर्षभर तुला कोणी पाण्याजवळ फिरकू देणार नाही, आणि त्यानंतर आपण दोघं कुठल्या अवस्थेत असू ते कोणी सांगावं. म्हणून त्याआधी एकदा, तुझ्या त्या पाण्यावर उभं राहून वल्हवायच्या लांबरुंद फळीवरून, घरासमोरच्या तळ्यातल्या बेटावर जायचं, फक्त तू आणि मी. तुला आता फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा तू पुढे बसणार आणि मी मागे उभा राहून वल्हवणार. हे मी कबूल केलं ते टेलिफोनवर, आणि टेलिफोनवर माणूस कशालाही हो म्हणतो. (पस्तीस वर्षं तू शाळेतल्या मुलांना नकाशात तळी दाखवलीस. निवृत्त झाल्यावर खऱ्या तळ्यात उतरून फळीवर उभं राहायची काही गरज नव्हती, पण तुला सांगणार कोण?) त्या तळ्याशी माझा आजवरचा संबंध तुला माहीतच आहे. तू बेटापर्यंत पोहत जायचीस आणि मी काठावर बसून तुझे कपडे सांभाळायचो. पाण्याकडे बघवत नसे म्हणून तुझा फ्रॉक उलटा करून त्याच्या शिवणी बघत बसायचो. शिंपी झालो तो तिथेच, बाबांच्या दुकानात नंतर नुसता हात बसला. मी पाण्याला भितो असं भाऊजी सगळ्यांना सांगतात, ते तितकंसं खरं नाही. पाण्यात माझं कधी काही अडलं नव्हतं, एवढंच.

तुझं वल्हं घरात असताना दुसरं कशाला, असं तू मागेच विचारलं होतंस. तर त्याचं असं आहे, की तू माझ्या भुवईपर्यंत येतेस. म्हणजे तुझं वल्हं मला चार-पाच इंच आखूड पडणार. आखूड वल्हं धरलं की पाण्यात पातं बुडवायला दर वेळी कमरेत वाकावं लागतं, आणि माझ्या कमरेबद्दल मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. शिवाय आयुष्यभर लोकांना दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालू नका असं बजावून झाल्यावर मी दुसऱ्याच्या मापाचं वल्हं कोणत्या तोंडाने हातात धरू? तेव्हा पाच महिन्यांपूर्वी मी खेळांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे वल्ह्यांपाशी एक बाई असतात, रुंद खांद्यांच्या आणि त्याहून रुंद आवाजाच्या. आम्ही घरात त्यांना वल्हेवाली म्हणतो. त्यांनी आधी माझी उंची विचारली आणि तिथेच घोडं अडलं. आपल्या घरची रीत तुला वेगळी सांगायला नको, शिंपी स्वतःचं माप स्वतः घेत नाही. टेप बघायला मान खाली घातली की उंची कमी भरते आणि पोट जास्त, असं बाबा म्हणायचे. म्हणून माझं माप आधी तू घ्यायचीस आणि लग्नानंतर ही घेते, आणि दोघींनीही मला ते कधी सांगितलेलं नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस स्वतःची उंची सांगू शकत नाही, हे त्या बाईंना पटायला वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, हरकत नाही, घरून माप पाठवा. वल्हं माणसाच्या उंचीहून एक वीत, म्हणजे नऊ इंच, जास्त असावं. हात सरळ वर केला की वल्ह्याची मूठ मनगटाशी यायला हवी. त्या मापाने दांडा कापून वर मूठ चिकटवून देऊ. मी म्हटलं, बाई, मापाचं मला शिकवू नका. हे बोललो नसतो तर बरं झालं असतं.

घरी येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पायांत चपला तशाच होत्या, त्यांचा झाला एक इंच. मग हिने टेप धरला. आता मला कालपरवा कळलेली गोष्ट अशी, की माप देताना मी श्वास रोखून पोट आत ओढतो म्हणून ही गेली छत्तीस वर्षं माझ्या प्रत्येक मापात गुपचूप दोन इंच वाढवून लिहीत आली आहे. कमरेला ते ठीक. पण हाताला सवय लागलेली, तिने उंचीतही दोन इंच वाढवले. मी त्या आकड्यात तीन इंचांची माया सोडली, कारण जी वस्तू पाण्यात जाणार ती पहिल्या धुण्याला आटणार, एवढं मला कळतं. (वल्हं आटत नाही हे मला नंतर सांगण्यात आलं. आधी कोणी बोललं नव्हतं.) त्यात वल्हेवालीची ती वीत मिळवली आणि येणारी बेरीज चिठ्ठीवर लिहून पाठवून दिली. वल्हेवालीला वाटलं, ही माझी उंची. त्यांनी नियमाप्रमाणे तिच्यावर आणखी एक वीत चढवली. सहा फूट आठ इंच उंचीचा शिंपी आपल्या दुकानात येऊन गेला असता तर आपल्या लक्षात राहिला असता, असं त्यांना वाटायला हवं होतं, पण त्यांचं म्हणणं असं की त्या दिवशी मी फार वाकून उभा होतो. एकूण काय, चपलांनी, हिने, मी आणि त्यांनी अशी सगळ्यांनी माझी काळजी घेतली आणि वल्हं तयार झालं सात फूट पाच इंचांचं.

ते घरी कसं आणलं ते सांगतो. बस आली, चालकाने वल्ह्याकडे पाहिलं आणि दारच उघडलं नाही. दुसरी आली, तिच्या चालकाने दार उघडलं, मला आत घेतलं, आणि वल्हं बाहेरच राहतंय असं दिसल्यावर मलाही उतरवलं. तेव्हा चार थांबे पायी आलो. वाटेत एका बाईंनी थांबवून दुकानाच्या छपरावर अडकलेला चेंडू काढून मागितला. तो काढून दिला. (त्या वल्ह्याने आजवर केलेलं बाहेरचं काम म्हणशील तर हे एवढंच.) आमच्या इमारतीचा जिना तू पाहिला आहेस, दर मजल्याला कोपरा. पहिला कोपरा मी वल्हं उभं धरून पार केला, दुसरा आडवं धरून, आणि तिसऱ्या कोपऱ्यावर वल्हं ना उभं राहिना ना आडवं. एक टोक कठड्यात आणि दुसरं टोक दातांच्या डॉक्टरांच्या घराच्या दारावर असं ते पक्कं बसलं. डॉक्टरांचं दार बाहेर उघडतं. ते आतून ढकलत होते आणि मी बाहेरून त्यांना न ढकलण्याची विनंती करत होतो. पाऊण तास गेला. मग त्यांनी दाराच्या फटीतून मला विचारलं की तुम्हाला हे दुखतंय का, बहुधा सवयीने, आणि त्यावर आम्ही दोघं हसलो, त्या हसण्यात माझा हात सैल पडला आणि वल्हं आपसूक सुटलं. दवाखान्यात त्यांच्यासाठी कोणीतरी तोंड उघडं ठेवून वाट पाहत बसलं होतं म्हणे. आता ते वल्हं आमच्या कामाच्या खोलीत खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत आडवं टांगलं आहे आणि ही त्याच्यावर इस्त्री केलेल्या विजारी लटकवते. चौदा मावतात. तिच्या मते एवढ्या वर्षांत मी घरात आणलेली ही सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

तू म्हणशील, कापून आखूड का नाही केलं? वल्हेवालीही हेच म्हणाल्या. घेऊन या, दहा मिनिटांत कापून देते. पण ताई, नुसतं अंगाला बसणं म्हणजे झालं का? तुझ्याकडे यायचं म्हणजे नऊ तासांची बस. पंधरा इंच कापले तरी सहा फुटांच्या वरच राहतं, आणि त्या सामानाच्या कप्प्यात मी स्वतःही पाय दुमडल्याशिवाय मावणार नाही. वल्हं मापाचं हवं तसंच प्रवासाचंही हवं. तेव्हा मी तीन तुकड्यांचं वल्हं बघायचं ठरवलं. त्याचे भाग एकात एक बसवायचे, प्रत्येक जोडावर एक गुंडी असते, ती दाबली की सुटतं आणि भोकातून वर आली की घट्ट बसतं, आणि वरच्या भागाची लांबी हवी तशी कमी-जास्त करता येते. गुंडी आणि काज, म्हणजे माझ्या घरचंच काम. पहिल्यांदा आणलं ते अॅल्युमिनियमचं होतं. मजबूत, पण जड. माझा उजवा खांदा म्हणजे कात्रीचा खांदा, चाळीस वर्षांचा वापरलेला, त्याला ते वजन झेपेना.

त्याचा सराव मी घरातच केला, कापड बेतायच्या टेबलावर उभा राहून. (टेबल लांबीरुंदीला बरोबर तुझ्या फळीएवढं आहे, आणि थोडं डुगडुगतंही.) चौथ्या दिवशी तिथे एक बँकेतले साहेब पॅन्टच्या फिटिंगला आले होते. ही त्यांना टाचण्या लावत होती, म्हणजे त्यांना जागचं हलता येत नव्हतं. मला वाटलं, चला, तेवढ्यात वीस-पंचवीस हात मारून घेऊ. सतराव्या हाताला खालची गुंडी काजातून सुटली, पातं निघालं, खोलीभर फिरून कपडे चढवायच्या पुतळ्याच्या मानेवर आपटलं, आणि पुतळा साहेबांच्या अंगावर गेला. साहेबांनी त्याला धरलं. टाचण्या होत्या त्या जागा लक्षात घेता त्यांनी फारच संयम दाखवला. पुतळ्याला मिठीत घेऊन ते एवढंच म्हणाले, "तुम्ही ते वल्हं उलटं धरलंय." त्यांचं लहानपण कुठल्याशा नदीकाठी गेलेलं. मला ते लागलं, ताई. कापडाची उलटी-सुलटी बाजू मी डोळे मिटून बोटांनी सांगतो, आणि मला वल्ह्याची सुलटी बाजू एका बँकवाल्याने दाखवावी? पण खरं होतं. पातं दांड्याला जरा कललेलं असतं, ते फळीच्या पुढच्या टोकाकडे कललेलं ठेवायचं. मला वाटलं होतं की चमच्यासारखं पाणी आपल्याकडे ओढायचं. सगळेच सुरुवातीला असं धरतात, असं वल्हेवालीने माझं समाधान केलं, पण सगळे काही शिंपी नसतात.

तर अॅल्युमिनियमचं परत केलं आणि आता आणलं आहे ते फायबरचं, तीन तुकड्यांचं, लहान पात्याचं. मोठं पातं घेतलं की एका हातात जास्त पाणी सरकतं हे खरं, पण खांदाही सरकतो. लहान पात्याने हात जास्त मारावे लागतात, पण प्रत्येक हात हलका. वजनाला ते माझ्या मोठ्या कात्रीहून जरासं जास्त भरेल. ह्या वेळी अनवाणी उभा राहिलो, हिला शपथ घालून खरं माप बोलायला लावलं आणि माया सोडली नाही. (पासष्ट इंच. मी स्वतःला सदुसष्ट समजत होतो.) वर एक वीत धरून चौऱ्याहत्तरवर दांड्याला लाल दोऱ्याची खूण बांधली आहे. त्याच्या खाली पाच इंचांवर एक निळी खूण आहे, ती तुझी. परत येताना तुला हुक्की आलीच तर.

प्रवासाचं म्हणशील तर त्याला मी पिशवी शिवली आहे. आतून मऊ कापड, तीन कप्पे, पात्याला वेगळी झडप. बॅगेत बरोबर तिरकी बसते. पण बसते म्हणजे प्रवासाला चालेलच असं नाही, म्हणून रंगीत तालीम करावी म्हटलं. गेल्या रविवारी ती बॅग घेऊन मी इथल्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथे उतरून चहा प्यालो आणि परत आलो. वल्हं छान राहिलं. फक्त शेवटच्या थांब्यावर बॅग उघडून ते कसं आहे हे बघताना मधला तुकडा बाकावर राहिला. दुसऱ्या दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर गेलो. तिथल्या कारकुनाने तो तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ही कशाची नळी आहे ते सांगा आणि घेऊन जा. मी म्हटलं, वल्ह्याची. तो म्हणाला, वल्ह्याला पातं असतं. मी म्हटलं, ते घरी आहे. तो म्हणाला, मूठ? तीही घरी आहे, म्हटलं. मग त्याने मला असं विचारलं की बाकी सगळं घरी ठेवून तुम्ही नुसतं मधलं घेऊन बसने कुठे निघाला होता. शेवटी दोन्ही टोकं घरून आणून त्याच्यासमोर वल्हं जोडून दाखवलं, तेव्हा त्याने सही घेतली. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा आता सबब उरलेली नाही. येत्या शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. शनिवारी विश्रांती आणि रविवारी, वारा पडलेला असला तर, बेट. भाऊजींना सांग की काठावर खुर्ची टाकून बसायला हरकत नाही, पण दुर्बीण नको. त्यांना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. काठापासून बेटापर्यंत नेमकं अंतर किती आहे, आणि मध्ये कुठे हात टेकायला खडक-बिडक आहे का? नुसती माहिती म्हणून विचारतो. तुझ्याकडे तरंगायची जाकिटं दोन आहेत ना? माझं सैल असलं तर सुईदोरा आणतो आहे.

ता. क. २. खरं म्हणजे एवढंच मागायला हे पत्र लिहायला बसलो होतो, ते लिहायचं राहून गेलं. लहानपणी तू पोहत लांब गेलीस की मी काठावरून तुला हाक मारायचो आणि तू तिकडून ओ द्यायचीस. ओ आली नाही की फ्रॉक तसाच हातात घेऊन मी काठावर उभा राहायचो. तू मुद्दाम उशीर करायचीस, ते मी अजून विसरलेलो नाही. तर फळीवर तू पुढे बस, पाठ माझ्याकडे कर, मी कसा वल्हवतो ते वळून बघू नकोस. पण मी हाक मारली की ओ दे. लगेच दे.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला हिच्याकडे देतो आहे. तिने खाली काही लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.

ताई, नमस्कार.

पाकीट माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी. ह्यांची सर्दी धुळीची नाही. पाच महिने रोज सकाळी सहाला हे फिरायला म्हणून जातात ते पोहण्याच्या तलावावर. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत, ओला टॉवेल गच्चीत वाळत असतो. तलावावर शिकवणाऱ्या बाई माझ्याकडे ब्लाउज शिवायला येतात, त्यांच्याकडून कळलं की पहिले तीन आठवडे हे पाण्यात उतरलेच नाहीत. पायरीवर बसून सात-आठ वर्षांच्या मुलांचे टॉवेल सांभाळत होते. मग एक दिवस एका मुलीच्या हातात सगळे टॉवेल दिले आणि उतरले.

पहिलं वल्हं कापून घ्यायला दहा मिनिटं लागली असती, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तुम्हाला बरोबर नेऊन मध्येच काही झालं तर आपल्याला पोहता येत नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. पोहायला येईपर्यंत कुठलंच वल्हं त्यांना पसंत पडणार नव्हतं. गेल्या सोमवारी त्यांनी कठड्याला हात न लावता तलावाची एक पूर्ण लांबी काढली. मुलांबरोबर त्यांनाही प्रमाणपत्र मिळालं, ते मापाच्या वहीत घडी घालून ठेवलं आहे. मी पाहिलं नाही असं समजतात. तुम्हीही काही माहीत असल्याचं दाखवू नका.

भाऊजींना खुर्ची टाकायला सांगू नका. काठावर दोघांचे कपडे सांभाळायला मी बसणार आहे.